न वाळलेले झाकण

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. शाळेत लाकूडकाम शिकवून ते निवृत्त झाले, पण हातातला रंधा काही सुटला नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे काम चाले आणि एक तरुण शिष्य त्यांच्याजवळ शिकत असे. शिष्य हुशार होता. नुसता हुशार नव्हे, आपण हुशार आहोत हे ठाऊक असलेला हुशार. हा प्रकार जरा जपून हाताळावा लागतो, हे आपणा सर्वांना घरच्या अनुभवावरून माहीत आहेच.

गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने नवे दुकान बांधले आणि दर्शनी भागात माशांची मोठी काचेची टाकी ठेवली. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे झाकण शेठजींच्या मनास येईना. ते गुरुजींकडे आले.

"गुरुजी, सागवानी झाकण पाहिजे. आत दिवे असे लावा, की गिऱ्हाईक साडी विसरून मासेच बघत बसलं पाहिजे!"

"साडी विसरलं तर तुमचं कसं व्हायचं, शेठ?" गुरुजी हसले आणि काम शिष्याच्या हाती सोपवले. त्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम.

पोराने जीव ओतला, हे कबूल केलेच पाहिजे. सागाची चौकट, पाणी न पिणारे प्लायवूड, आतून पांढरा रंग, म्हणजे दिव्यांचा उजेड सगळा खाली पाण्यात पडावा. दिव्यांच्या पट्ट्यांखाली काच बसवली, कारण पाण्याचे तुषार आणि वीज यांचे सख्य नाही. मागच्या बाजूस झरोके कापले आणि एका झरोक्यावर जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावला. दिव्यांची ऊब आणि पाण्याची वाफ त्यातून बाहेर निघून जायची. पुढे खाद्य टाकण्यापुरती एक झडप. पाण्यात बुडबुडे सोडणारा पंपसुद्धा त्याने झाकणातल्याच एका कप्प्यात दडवला, कारण नळ्यांचा पसारा लोकांना दिसायला नको. शेवटी आतून-बाहेरून वॉर्निशचा हात दिला. झाकण असे काही झळकू लागले, की शिष्य स्वतःच स्वतःवर खूश झाला.

गुरुजी तेव्हा लेकीकडे परगावी निघाले होते. जाताना म्हणाले, "नीट वाळू दे हं. वास पुरता गेल्याशिवाय पाण्यावर ठेवू नकोस."

ते गेले, आणि इकडे शेठजींनी उद्घाटनाचा मुहूर्त अलीकडे ओढला. कोणी बडे पाहुणे नेमके उद्याच मोकळे होते. शेठजींनी निरोप न धाडता स्वतः येऊन विचारले, "काय, झालं ना झाकण?"

शिष्याने आतल्या कडेवर बोट ठेवले. बोट किंचित चिकटले. 'अजून नाही' असे म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण शेठजी कौतुकाने बघत होते, आणि कौतुकाने बघणाऱ्या माणसाला नाही म्हणणे फार जड जाते.

"झालं, शेठ," तो म्हणाला.

सकाळी झाकण टाकीवर चढले. दिवे लागले, सोनेरी मासे झगमगले, बघणारे थक्क झाले. तेवढ्यात शेठजींनी नाक मुरडले. "अरे, हा वास कसला? पाहुणे येतील आता!"

"नव्या लाकडाचा असतो, शेठ. करतो बंदोबस्त."

आणि त्याने काय बंदोबस्त केला म्हणता? रुंद चिकटपट्टी घेतली, सगळे झरोके आतून बुजवले आणि पंखा बंद केला. वास बाहेर येणे थांबले. झाकली मूठ सव्वा लाखाची! पाहुण्यांनी पाठ थोपटली, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. आत कोंडलेली ती वॉर्निशची हवा मात्र कप्प्यातला पंप दिवसभर इमानेइतबारे पाण्यात ढकलत राहिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडले तेव्हा सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

शिष्य धावत आला. कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने आधी काय केले असेल, तर पट्ट्या उपटून खिशात कोंबल्या. शेठजी तोवर गुन्हेगार शोधू लागले होते. दुकानात झाडलोट करणाऱ्या द्वारकाबाई माशांना खाद्य घालत. ते काम त्यांना कोणी सांगितले नव्हते, त्यांनीच हौसेने मागून घेतले होते.

"किती टाकलंत काल?" शेठजी कडाडले. "उत्साहाच्या भरात मूठभर टाकलं असेल!"

"चिमूटभरच टाकलं हो शेठ," बाई म्हणाल्या. मग आपल्याच बोटांकडे बघत हळूच म्हणाल्या, "का जास्त पडलं असेल?"

शिष्य तिथेच उभा होता, खिशात चिकटपट्टीचा गोळा मुठीत धरून. त्याने तोंडातून ब्र काढला नाही. शेठजींनी बाईंना मागच्या गोदामात कामाला धाडले आणि पुन्हा दर्शनी भागात यायचे नाही, अशी ताकीद दिली.

त्यानंतर शिष्याला अन्न गोड लागेना. मनाची समजूत तो घालत होता, 'त्यांची नोकरी तर नाही ना गेली? गोदामात सावली आहे, दगदग कमी.' शरम वाटू लागली की माणसाला असल्या सबबी भराभर सुचतात. पण बाजारातून जाताना तो त्या दुकानाची बाजू टाळून चालू लागला. पायांना सबबी पटत नव्हत्या.

गुरुजी परतले तेव्हा झाकण शेडमध्ये आलेले होते. 'अपशकुनी वस्तू नको' म्हणून शेठजींनी परत धाडले होते. शिष्याने मासे मेल्याचे सांगितले आणि बाईंनी खाद्य जास्त घातले असे लोक म्हणतात, हेही सांगितले. 'लोक म्हणतात', बरे का! गुरुजींनी झाकण उलटे केले, आत चेहरा घातला आणि दीर्घ श्वास घेतला. मग झरोक्यांवरून बोट फिरवले. बोटाला चिकटपट्टीचा डिंक लागला. तो त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिला.

आता वीज कोसळणार म्हणून शिष्य मान खाली घालून उभा राहिला. गुरुजींनी खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि एवढेच म्हणाले, "चल."

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. गुरुजींनी द्वारकाबाईंना बोलावून घेतले. सर्वांदेखत टोपी काढली आणि त्या बाईंपुढे हात जोडले. "बाई, मासे तुमच्या हातून गेले नाहीत. आमच्या झाकणानं गेले. दोष माझा आहे."

शेठजी गडबडून गेले. "अहो गुरुजी, हे काय भलतंच! तुम्ही तर गावातसुद्धा नव्हता!"

द्वारकाबाई तर गुरुजींच्या पायाशीच वाकल्या. "असं करू नका, गुरुजी. तुम्ही मोठ्या मनाचे, म्हणून माझ्यासाठी अंगावर घेताय. माझं मला ठाऊक आहे." एवढे बोलून त्या पुन्हा गोदामात निघून गेल्या.

शिष्य साड्यांच्या ढिगाशेजारी उभा होता. धरणीने पोटात घेतले तर बरे, असे त्याला झाले. आपल्या गुरूने आपल्यासाठी हात जोडले आणि आपण अजूनही गप्पच आहोत, ही शरम आधीच्या शरमेहून कितीतरी मोठी होती.

बाहेर पडल्यावर त्याला राहवेना. "गुरुजी, तुमचा काय दोष? तुम्ही खोटं का बोललात?"

गुरुजी एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. "खोटं नाही बोललो. तुला सांधा शिकवला, रंधा शिकवला, वॉर्निश शिकवलं. 'अजून झालेलं नाही' असं म्हणायला शिकवलं नाही. तू 'झालं' म्हणायचास आणि मी शाबासकी द्यायचो. तो माझा वाटा. तो मी सांगून आलो. त्यानं बाईंचं समाधान झालं का?"

"नाही."

"कारण उरलेला वाटा माझ्याकडे नाही. बाळा, झरोके कशाला ठेवतो आपण? आत कोंडतं ते बाहेर जावं म्हणून. लोकांना वास येईल या भीतीनं ते बुजवले, तर वास काही नाहीसा होत नाही. आत जे जिवंत आहे, त्याचा तो जीव घेतो."

शिष्य म्हणाला, "पण मी सांगितलं तर शेठ पुन्हा दारात उभं करणार नाहीत. गावात कोणी काम देणार नाही मला."

"हो, तसं होऊ शकतं," गुरुजी म्हणाले. समजूत घालायचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही. काठी टेकत उठले आणि मागे वळून न बघता घराकडे चालू लागले.

शिष्य त्यांच्यामागे गेला नाही. तो दुकानात परत गेला आणि भर गर्दीत सगळे सांगितले: वॉर्निश ओले होते ते, झरोके बुजवले ते, आणि पट्ट्या खिशात लपवल्या तेसुद्धा. मध्ये कुठेही थांबला नाही.

शेठजींचा चेहरा दगडासारखा झाला. "उद्यापासून या उंबऱ्यावर पाऊल ठेवू नकोस," ते म्हणाले.

हे त्याला अपेक्षितच होते. त्याचे डोळे गोदामाच्या दाराकडे होते. द्वारकाबाई तिथे येऊन उभ्या होत्या. आता त्या शिव्याशाप देतील, द्याव्यातच, असे त्याच्या मनात होते.

बाईंनी विचारले, "म्हणजे माझा हात नव्हता?"

"नव्हता, मावशी."

"चिमूट जास्त नव्हती?"

"नव्हती. मीच मारले ते."

बाई शेजारच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. "अरे, त्या दिवसापासून मी नातवाला माझ्या हातानं घास भरवला नाही रे. तो रडतो, आजीच पाहिजे म्हणतो. मी सुनेला सांगते, तूच भरव बाई, माझ्या हाताला यश नाही."

शिष्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. इतके दिवस त्याला वाटत होते, आपण या बाईंचे फक्त माशांना खाद्य घालायचे काम हिरावून घेतले आहे.

द्वारकाबाईंनी पदराने दोन्ही हात पुसले आणि उठल्या. "येते मी, शेठ. त्याची जेवायची वेळ झाली," असे म्हणून, परवानगीची वाट न बघता, त्या दुकानाच्या दर्शनी दारातून बाहेर पडल्या. क्षमा केली की नाही, हे त्यांनी सांगितले नाही, आणि ते विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे शिष्याला प्रथमच कळले.

आपण गप्प बसतो तेव्हा कोणाच्या घरचा घास अडतो, याची आपल्याला कल्पनाही नसते.