अळणी कालवणाची साक्ष

बिशप मार्तिन यांनी घातलेली अट ऐकून अख्ख्या बिशपवाड्याला घाम फुटला. सिस्टर क्लारीसच्या वहीने ज्याचं भलं केलं असा एक तरी माणूस ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत समोर उभा करायचा; नाहीतर पवित्र शनिवारी चर्चच्या अंगणात जो नवा अग्नी पेटतो, त्यात वही जाणार. इथवर ठीक होतं. पण वहीवर बंदी होती, आणि ती वाचल्याचं कबूल करणाऱ्याला चर्चबाहेर काढण्याचा हुकूमही बिशपांनीच काढलेला! म्हणजे ज्याने वाचली नाही त्याची साक्ष चालणार नाही, आणि ज्याने वाचली तो तोंड उघडणार नाही.

ही सिस्टर क्लारीस मठाच्या स्वयंपाकघरात जन्मभर दळण दळून देवाघरी गेली होती. दळताना प्रभू येशू आपल्याशी बोलतात, असं ती म्हणे, आणि ते बोलणं एका जाडजूड वहीत उतरवून ठेवी. शिकल्यासवरल्या पाद्र्यांना हे काही पटेना. देवाला बोलायचंच असेल तर तो वेदीपाशी बोलेल, जात्यापाशी कशाला बसेल, असा त्यांचा सवाल.

वहीच्या बाजूने उभे राहिले ते एकटे म्हातारे फादर ग्रासियस. पटकीच्या साथीत घरच्यांनी टाकलेल्या माणसांना यांनी खांद्यावरून आणून वाचवलं होतं. लोक त्यांना जिवंतपणीच संत म्हणत. त्यांनी बिशपांना सांगून टाकलं, की बंदी येण्याआधी मी ही वही तीनदा वाचली आहे, ती देवाचीच आहे, आणि ती जळाली तर मी पुन्हा वेदीवर चढणार नाही. त्यावर बिशप म्हणाले, "तुमची साक्ष मी धरत नाही. तुम्ही मुळातच चांगले. त्यात वहीचं कसलं श्रेय?"

हे सगळं दाराआडून ऐकत होती ती बिशपांची स्वयंपाकीण रेमेद. साथीत खांद्यावरून आणलेल्या पोरांतली ती एक. फादर ग्रासियसनी वेदीवर मिस्सेची उपासना करायची नाही, म्हणजे काय, हे तिला विचारानेही सोसवेना. तिला अक्षरओळख नव्हती. पण अकरा वर्षं बिशपांचं ताट वाढून आणि उचलून तिला ते ताट मात्र चांगलं वाचता येत होतं. गेला महिनाभर त्या ताटात काहीतरी निराळंच दिसत होतं. आपला अंदाज खरा की खोटा, हे तिने एकदा पारखून घ्यायचं ठरवलं.

झावळ्यांच्या रविवारी मिस्सा आटोपली आणि पाद्री मंडळी बिशपांच्या पंगतीला बसली. रेमेदने माशाचं कालवण केलं आणि त्यात मिठाचा खडाही टाकला नाही. बिशपांचे चिटणीस फादर ब्रागांस यांनी पहिला घास घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. वहीविरुद्ध सर्वांत मोठा आवाज याच गृहस्थांचा. ते बोलणार, इतक्यात त्यांची नजर बिशपांकडे गेली. बिशप निवांत जेवत होते. मग काय, सगळ्या पंगतीने मुकाट्याने घास गिळले.

हात धुऊन बिशपांनी फादर ग्रासियसना विचारलं, साक्षीदार कुठे आहे? म्हाताऱ्याने मान खाली घातली. आपल्याला कुणी मिळालं नाही, एवढंच ते म्हणाले आणि गळ्यातला क्रूस काढू लागले.

"थांबा फादर," रेमेद पदराला हात पुसत पुढे आली. "साक्षीदार आहे."

"तू वही वाचलीस?" फादर ब्रागांस कडाडले.

"मला कुठलं वाचायला येतंय, फादर! पण बिशपस्वामींना एक विचारायचंय. वही वाचणाऱ्याला चर्चबाहेर काढणार, तर स्वतः स्वामींचं काय?"

"मी ती तपासण्यासाठी वाचतो आहे," बिशप म्हणाले. "मला मुभा आहे."

"मग साक्षीदाराला भीती नाही. ते स्वामीच."

फादर ब्रागांस ताडकन उठून उभे राहिले. रेमेद मात्र थांबली नाही. "अकरा वर्षं मीठ जरा इकडचं तिकडे झालं की ताट भिरकावलं जायचं. माझ्या कपाळावर खूण आहे अजून. ती वही स्वामींच्या खोलीत आली, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा मासा ताटात शिल्लक राहिला. माळ्यासाठी ठेवलाय म्हणाले. माळ्याचं नावही विचारलं. आजचं कालवण मी मुद्दाम अळणी केलं. स्वामींनी हूं की चूं केलं नाही."

"उपासाचे दिवस आहेत हे," फादर ब्रागांस म्हणाले. "उपासात माणूस संयम पाळतोच."

"अकरा उपासकाळ मी रांधलेत, फादर. उपासात स्वामी खातात कमी आणि ओरडतात दुप्पट. आणि गेल्या शुक्रवारी मला विचारलं, रेमेद, तू जेवलीस का? अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी चुलीपाशी जाऊन रडले."

बिशप उठून आत गेले, वही घेऊन आले आणि मधलं एक पान उघडून त्यांनी मोठ्याने वाचलं. "प्रभू म्हणाले, क्लारीस, माझी स्तुती सगळे करतात. ज्याने रांधलं तो जेवला का, एवढं मात्र कुणी विचारत नाही."

वही मिटून ते हसू लागले. आधी हळू, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अडकवलंस की गं मला माझ्याच हुकुमात!" ते म्हणाले. बंदी तिथल्या तिथे उठली. फादर ग्रासियसचा क्रूस बिशपांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात पुन्हा घातला, आणि रेमेदला म्हणाले, माग काय हवं ते.

"एवढं जिच्यासाठी भांडले, ती वही आत काय म्हणते ते मला ठाऊकच नाही, स्वामी. कुणी वाचून दाखवली तर बरं होईल."

बिशपांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि ती एका जागी थांबवली. सोमवारी सकाळी रेमेद पाट्यावर नारळ वाटत बसली, तेव्हा समोर स्टुलावर वही उघडून फादर ब्रागांस बसले होते.

"जरा मोठ्याने वाचा, फादर," ती म्हणाली. "पाट्याच्या आवाजात ऐकू येत नाही."