वरवड्यात 'सहज' कुणी येत नाही

वरवडे छावणीच्या टेकडीवर ती बिनखिडक्यांची दगडी इमारत दिसते ना, तिला गावात जादूघर म्हणतात. दारावर कंपास आणि गवंड्याचा गुण्या कोरलेला आहे. आत जादू कसली, फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुसंघाचे लॉज, म्हणजे सभेची जागा, होते ते. पण दार लावून बसणाऱ्यांबद्दल गाव थोडेच गप्प बसणार! आत मुंडकी पुरली आहेत इथपर्यंत लोकांची मजल गेली होती.

पुढे इंग्रज गेले, पारशी सभासद मुंबईला गेले, म्हातारे देवाघरी गेले. उरले एकटे त्र्यंबकराव प्रधान, निवृत्त ओव्हरसियर. बायको गेल्यावर घरीही कुणी नव्हते. सभेच्या संध्याकाळी ते काळा कोट घालून टेकडी चढत, खुर्च्या पुसत, दिवा लावत आणि त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहत, असे सांगतात. शेवटी पुण्याच्या वरिष्ठांनी कळवले, की वर्षअखेरीपर्यंत एक जरी नवा माणूस आला तर आम्ही येऊन त्याला रीतसर आत घेऊ, नाहीतर लॉज बंद.

आता त्यांच्यात नियम असा, म्हणे, की आपण होऊन कुणाला बोलवायचे नाही. ज्याला यायचे त्याने स्वतः मागायचे, आणि माग म्हणून सुचवायचेही नाही. त्र्यंबकराव शब्दाचे पक्के. शपथ घेतली म्हणजे घेतली.

त्यांच्या मनात एकच माणूस होता, चित्रकला शिकवणारे खांबेटे मास्तर. दोघे रोज बुद्धिबळ खेळत. सभेच्या दिवशी मास्तर कंदील घेऊन टेकडीवर सोबत येत आणि उंबऱ्यापासून परत फिरत. आज मागतील, उद्या मागतील, या आशेवर त्र्यंबकरावांचे वर्ष सरले.

डिसेंबरातल्या सभेला मास्तर दारात जरा रेंगाळले. त्र्यंबकरावांनी दार उघडे धरून ठेवले.

"काय मास्तर, काही बोलायचं होतं?"

"छे हो. सहज आलो होतो."

मास्तर कंदील घेऊन उतरून गेले. त्र्यंबकरावांनी आतून कडी लावली.

जानेवारीत पुण्याची माणसे येऊन खुर्च्या घेऊन गेली, दाराला कुलूप लागले. त्या संध्याकाळी पट मांडता मांडता मास्तर म्हणाले, "आता विचारायला हरकत नाही. इतकी वर्षं दारापर्यंत आलो. एकदा 'या' म्हणाला असतात तर?"

"आमच्यात बोलावत नाहीत, मास्तर. मागावं लागतं."

"आणि आमच्यात बोलावल्याशिवाय जात नाहीत!"

मास्तर हसायला गेले, पण त्यांना हसू येईना. आपली सोबत कुणालाच नको, असे त्र्यंबकराव इतकी वर्षे धरून चालले होते. ते खोटे निघाले, पण आता त्याचा काही उपयोग उरला नव्हता. मास्तरांसमोर ते ढसाढसा रडले, असे सांगतात.

मास्तरांनी मग ही हकीकत गावभर सांगितली, सांगताना स्वतःला शिव्याही घातल्या. आजही वरवड्यात कुणी दारात येऊन "सहज आलो होतो" म्हणाले, तर त्याला कुणी तसे जाऊ देत नाही. हाताला धरून आत बसवतात, "बोला, काय हवंय?" म्हणतात आणि तो बोलेपर्यंत थांबतात.

जादूघर मात्र बंदच आहे. किल्ली पुण्याला असते, म्हणे. ती मागायला अजून कुणी गेलेले नाही.