बिनगाठीचा मोर

तुतीच्या बागांपल्याड एक लहानसं गाव होतं. तिथल्या बायका रेशमी साड्यांवर कशिदा भरायच्या. इवले इवले मोर, चिमुकले पाळणे, नाजूक वेली. नेम एकच, दोऱ्याला गाठ मारायची नाही. साडी उलटी धरा की सुलटी, मोर दोन्हीकडून सारखाच दिसायला हवा.

तुंगाच्या आईचा मोर गावात सगळ्यांत देखणा. पण टाके घालता घालता आईचे डोळे मंदावले आणि यंदा पार विझले. घरात चूलही रोज पेटेना.

"तुंगे, आज आभाळ कसं आहे गं?" आई विचारायची.

"राखाडी," तुंगा सांगायची. रोज तेच.

एका मळभट दुपारी तुंगा तुतीची पानं खुडत होती. एका पानाआडून चंदेरी पंखांची, बोटाएवढी परी उतरली. तिच्या हातात मोरपंखी दोरा लकाकत होता.

"याने जे मनात धरून भरशील ते खरं होईल," परी म्हणाली. "पण दोरा एकदाच पुरेल. अन् गाठ मारलीस तर विरून जाईल."

तुंगा धावत सुटली. आईच्या पदरावर दोन डोळे भरायचे, बस्स.

वाटेत पारूकाकू ओट्यावर बसली होती. मांडीवर नवरीची साडी. एरवी येताजाता टोमणे मारणारी काकू आज डोळे पुसत होती.

"काय झालं, काकू?"

"तुला गं कशाला चौकशा?" काकू म्हणाली, पण साडी उलटून तिने गाठ दाखवली. "हात कापतात माझे. दोरा सुटत होता, म्हणून गाठ मारली. आता बायका साडी उलटून बघतील. मग मला कोण काम देणार?"

तुंगाने मुठीतल्या दोऱ्याकडे पाहिलं. मग खाली बसली. तिने गाठ सोडवली, चुकलेले टाके उसवले आणि परीच्या दोऱ्याने मोर पुरा केला. मोर दोन्हीकडून सारखा झाला. दोरा संपला.

घरी येऊन ती आईच्या कुशीत रडली. "आई, तुझे डोळे मी काकूला देऊन आले."

सगळं ऐकून आईने चाचपडत तिचे गाल पुसले. "माझी लेक ना तू? गाठ बघून पुढं कशी जाशील?"

तेवढ्यात दारात परी उभी राहिली. "दुसऱ्याची लाज राखलीस, तुंगा. तुझ्या मागण्याला आता दोरा लागायचा नाही."

एवढं बोलून ती निळ्या, गुलाबी, सोनेरी उजेडात विरघळून गेली. उजेड घरभर सांडला.

आईने कपाळावर हात आडवा धरला.

"तुंगे, दार लोट गं जरा. डोळ्यांवर ऊन येतंय."