कावळा शिवेना

फार फार वर्षं झाली. किती, ते मला विचारू नका. ज्यानं मला ही गोष्ट सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं. एका डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक तांबट राहत होता. तांब्याचे हंडे, घागरी, तपेली घडवणारा. गोष्ट त्याची आहे आणि त्याच्या बायकोची. लहानांनो, तुम्ही ऐका. थोरांनो, तुम्ही जरा जास्तच ऐका, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

तांबट माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. व्यसन नाही, भांडण नाही, बायकोला कधी वाकडा शब्द नाही. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्याचा हातोडा चाले. त्याच्या हाताला उसंत म्हणून नव्हती. बायकोवर त्याचा जीव होता, आणि तो त्याला एकाच रीतीनं दाखवता येई. सणावाराला तो तिच्यासाठी एखादं भांडं घडवी. गिऱ्हाइकाच्या भांड्यापेक्षा सुबक, काठावर वेलबुट्टी काढलेलं. कधी हंडा, कधी घंगाळ, कधी पाणी तापवायचा बंब.

घर भरून गेलं. आता तुम्हीच सांगा, दोन माणसांच्या संसारात इतके हंडे कशाला लागतात? मूलबाळ नाही, पाहुणे येत नाहीत, कारण घरधन्याला पाहुण्यांशी बोलायला वेळ नाही. देणाऱ्यानं प्रेमानं दिलं, पण घासायचं कुणी? ती बिचारी चिंच लावून घाशी, राखेनं उजळी, ओळीनं मांडून ठेवी. तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही.

तिचं मागणं एकच होतं. गावामागच्या डोंगरावर कारवीचं रान होतं. कारवीचं झुडूप मोठं हट्टी. सहा वर्षं नुसतं पानांत राहतं आणि सातव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एकदम फुलून येतं. मग सगळा डोंगर जांभळा होतो. त्या दिवसांत गावातली माणसं कामधाम सोडून वर जात. नवरा-बायको, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. भाकरी-चटणी बांधून न्यायची, फुलांत बसून खायची, उन्हं कलली की खाली यायचं. एवढंच. त्यात विशेष काय, असं तांबटाला वाटे.

लग्नानंतर कारवी पहिल्यांदा फुलली तेव्हा ती त्याला म्हणाली, "अहो, सगळं गाव चाललंय. आपणही जाऊ या ना."

तांबटाचं दुकान तेव्हा नवं होतं. तो हसून म्हणाला, "कारवी काय पळून जातेय? फुलेल की पुन्हा." आणि तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं तिला एक छानसा हंडा घडवून दिला.

दुसऱ्यांदा फुलली तेव्हा दुकान जोरात चाललं होतं. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा समजूत घातली आणि त्या वेळी घंगाळ दिलं. शेजारणी तिला म्हणाल्या, अगं, तू आमच्याबरोबर चल, त्याची वाट काय बघतेस? ती म्हणाली, जाईन तर यांच्याबरोबरच. शेजारणींनी तिला वेड्यात काढलं आणि त्या निघून गेल्या.

तिसऱ्यांदा कारवी फुलली तेव्हा तिच्या केसांत पांढरे दिसायला लागले होते. तांबटाला राजवाड्याची कढई घडवायची होती, भली थोरली. पण या वेळी त्याला तिची दया आली. त्यानं एक गडी डोंगरावर धाडला आणि टोपलीभर फुलं तोडून मागवली. टोपली तिच्यापुढं ठेवून, आता झालं ना मनासारखं, असं म्हणून तो कढईकडे परतला. ती बराच वेळ त्या फुलांकडे बघत बसली. मग बसायला आलेल्या शेजारणीला हळूच म्हणाली, "मला फुलं नको होती गं." संध्याकाळपर्यंत फुलं सुकली. गाईनंही त्यांना तोंड लावलं नाही.

त्याच वर्षी थंडीत तिला ताप भरला. तांबटानं वैद्य आणला, लांबून औषधं मागवली, कशात काही कमी केलं नाही. उशाशी बसला मात्र नाही, कारण कढईची मुदत जवळ आली होती. ती गेली तेव्हा शेजारीण तिच्याजवळ होती आणि तांबट दुकानात होता. निरोप घेऊन गेलेल्या माणसाला हातोड्याच्या आवाजात तीनदा ओरडून सांगावं लागलं.

मग तांबटाला कळलं, घर किती मोठं आहे ते. तो लहान मुलासारखा रडला. खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून रडला.

दहाव्या दिवशी गावकरी नदीवर जमले. तुम्हाला रीत ठाऊकच आहे. घाटावर भाताचा पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला की गेलेलं माणूस सुटलं. नाही शिवला तर त्याची काही इच्छा मागं राहिली आहे. ती घरच्यांनी ओळखायची, पिंडासमोर उभं राहून ती पुरी करायचं वचन द्यायचं आणि त्याला मोकळं करायचं. तांबटाला दुसरं काही नको होतं. जन्मभर राबलेली बायको निदान आता सुखानं जावी, एवढंच त्याला हवं होतं.

कावळे आले, उंबराच्या फांदीवर बसले. एकही खाली उतरेना.

तांबट पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला की तुझं एकही भांडं मी विकणार नाही, सगळी तू ठेवायचीस तशीच लख्ख ठेवीन. कावळे बसून राहिले. मग तो म्हणाला की गावातल्या प्रत्येक सवाष्णीला तुझ्या नावानं एकेक हंडा देईन. काही नाही. देवळाला घंटा घडवीन, असं म्हणाला. अशी घंटा की पलीकडच्या गावाला ऐकू जाईल. एका कावळ्यानं पंख झाडले आणि तो पुन्हा तिथंच बसला. गोष्टीतले कावळे बोलतात, असं तुम्ही म्हणाल. हे नाही बोलले. बोलले असते तर तांबटाचं काम सोपं झालं असतं.

तिच्या भावानं वचन दिलं. शेजाऱ्यांनी दिलं. तिच्या तुळशीला पाणी घालू, तिच्या गाईला सांभाळू. ऊन डोक्यावर आलं. लोकांचे पाय पोळायला लागले, पण कुणी हलेना, कारण तिथून उठून जाणं बरं दिसत नव्हतं.

भटजी म्हणाले, बाबा, नीट आठव. तिनं तुझ्याकडे काय मागितलं होतं?

तांबट खूप आठवत राहिला. शेवटी म्हणाला, "तिनं माझ्याकडे कधी काही मागितलंच नाही."

मागं बायकांच्या घोळक्यात शेजारीण उभी होती. आता तिला राहवलं नाही. ती गर्दीतून पुढं आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि आवाज रागानं कापत होता.

"मागितलं होतं," ती म्हणाली. "कारवी फुलली की प्रत्येक वेळी मागितलं होतं. तुम्ही तिच्याबरोबर डोंगरावर चला म्हणून. आमच्यासंगे ती आली असती तर सगळी फुलं डोळे भरून बघितली असती तिनं. पण तिला तुमच्याशेजारी बसायचं होतं."

तांबट पिंडासमोर गुडघ्यांवर बसला.

"अगं," तो म्हणाला, "चल. आता कारवी फुलली की जाऊ. दुकान बंद ठेवतो. आपण दोघं जाऊ."

तेव्हा फांदीवरून एक कावळा खाली आला. कावळा पिंडापासून हातभर अंतरावर उतरला. मान वाकडी करून त्यानं भाताकडे पाहिलं, तांबटाकडे पाहिलं. मग तो उडाला आणि नदीपलीकडे निघून गेला. बाकीचे त्याच्यामागं गेले. उंबराची फांदी रिकामी झाली.

तांबटानं भटजींचे पाय धरले. मी वचन दिलं ना, मग का नाही शिवला, असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला. भटजी म्हातारे होते. आयुष्यभर त्यांनी याच घाटावर माणसं पोचवली होती आणि रडणाऱ्यांना चार धीराचे शब्द सांगितले होते. पण त्या दिवशी त्यांना खोटं बोलवेना.

ते म्हणाले, "बाबा रे, मागं राहिलेल्याला एकट्यानं पुरं करता येईल, असंच वचन इथं चालतं. भांडी तू अजून देऊ शकतोस. घंटाही देशील. पण हे काम दोघांचं होतं, आणि दोघांतलं एक आता नाही."

मग, कावळा शिवला नाही की जे करतात, ते त्यांनी केलं. दर्भाच्या काड्या बांधून कावळा बनवला आणि तो पिंडाला टेकवला. लोकांनी नदीत अंघोळी केल्या आणि ओल्या कपड्यांनी ते घरोघर गेले. शेजारीण जाताना एकदाही वळली नाही.

तांबट तेवढा मागं राहिला. त्यानं विचारलं, "गुरुजी, ती सुटली का?"

भटजींनी आपलं पंचपात्र पिशवीत घातलं, पिशवी खांद्याला अडकवली. म्हणाले, "शास्त्रापुरतं झालं."

तांबट पुढं पुष्कळ वर्षं जगला. पण घाटावर जे विचारलं त्याचं उत्तर त्याला कुणी दिलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा: वस्तू मागाहूनही देता येतात, सोबत मात्र माणूस आहे तोवरच द्यावी लागते.