गळ्याइतकं पाणी

"सांगा बाबा, आणखी किती वेळ उभा राहिलो म्हणजे हे शरीर मी जिंकलं असं म्हणाल?"

विश्वंभर तळ्यातून विचारत होता. पाणी त्याच्या गळ्याशी होतं.

नागपुरात तो दोनशे माणसांना योगासनं शिकवायचा. शिष्य करून घ्या म्हणत इथे आला. बाबा म्हणाले, थांब. म्हणून आज उजाडताच तो पाण्यात उतरला. बाबा हो म्हणेपर्यंत बाहेर येणार नव्हता.

कवडूबाबा काठावर बसले होते. जातीनं ढिवर, म्हणजे पाण्यावर पोट भरणारे. उभी हयात याच तळ्यात शिंगाडे तोडण्यात गेलेली. म्हातारपणी लोक त्यांना बाबा म्हणू लागले, चार शब्द ऐकायला येऊ लागले.

"काही प्यायलास?"

"थेंबही नाही. चार तास झाले."

"अन् लघवी किती वेळा झाली?"

विश्वंभरनं मान वळवली...

"तीनदा."

"काहीच प्यायला नाहीस. मग आली कुठून?"

तो खाली पाण्याकडे पाहू लागला.

"पाणी पाय दाबते, बापू. पायातलं रक्त छातीत चढते. काळजाला वाटते, अंगात पाणी लई झालं. मग पाणी धरून ठेवणारा रस अंगात असते, तो आटते. एका डॉक्टरनं समजावलं मला. त्याआधी नुसताच भोगत होतो."

"म्हणजे काळीज फसतं?"

"भरलो समजते, अन् रितं करत बसते."

"माझं फसणार नाही."

"सांगून पाहा त्याला."

विश्वंभर हसला नाही. आणखी तासभर तसाच उभा राहिला. ओठ निळे पडले होते.

"निघ आता," बाबा म्हणाले. "पण दमानं. उथळ पाण्यात बस जरा."

"बसणार नाही. चालत तुमच्यापर्यंत येतो. मग बोला."

"बस म्हणतो ना..."

तो ताठ चालत बाहेर आला. पाण्याचा दाब सुटला तसं रक्त पायांत उतरलं. काठावर पाच पावलं टाकली. सहाव्याला डोळ्यांपुढे अंधार आला आणि तो चिखलात कोसळला.

शुद्ध आली तेव्हा तो उताणा होता. वर आभाळ होतं. त्याचे चिखलानं भरलेले पाय कवडूबाबांनी आपल्या मांडीवर उचलून घेतले होते.

विश्वंभर दचकला. पाय ओढू लागला.

"बाबा, सोडा. माझे पाय तुमच्या अंगाला... हे पाप आहे."

बाबांनी घोटे घट्ट धरले.

"सोडा म्हणतो. मला हे चालणार नाही."

"शिष्य व्हायचं आहे ना?" बाबा म्हणाले. "मग पाय हलवू नको."