बेलाखालची वजाबाकी

“...आणि विहीर वजा केलीस का?”

“केली, महाराज.”

“तुळशीचा ओटा?”

“तोही. अंगणाची लांबी, रुंदी, खडीची चार बोटं जाडी, त्यातून हे सगळं वजा. पायाखाली खडी दबते, तेही धरलंय. तीन ब्रास लागली. एक पाटी उरली नाही, एक पाटी कमी पडली नाही.”

केवलगिरीने हे जरा मोठ्यानेच सांगितलं. अंगणात गावकरी जमले होते, त्यांना ऐकू जावं म्हणून. पाटबंधारे खात्यातली ओव्हरसिअरकी सोडून त्याने भगवी छाटी घेतली होती, पण मापाची ऐट काही सुटली नव्हती.

गोसाव्यांचा तो मठ नदीकाठी होता. पावसाळ्यात अंगणात घोट्याएवढा चिखल होई आणि म्हातारे चेतनगिरी महाराज त्यात घसरून पडत. नजरही अधू झालेली. म्हणून खडी पसरायची ठरली.

आज आरतीनंतर महाराज आपल्या मागे गादी कोणाला, ते सांगणार होते. गावाचं म्हणणं होतं, केवलगिरीशिवाय आहे कोण? केवलगिरीचंही म्हणणं तेच होतं. तो बोलून दाखवत नव्हता, एवढंच.

महाराजांनी खडावा काढल्या आणि ते अनवाणी निघाले.

करकर... करकर... खडी वाजत होती. केवलगिरी एक पाऊल मागे, मान ताठ ठेवून चालत होता.

बेलाच्या झाडाखाली मठातल्या आधीच्या गुरूंच्या समाध्या होत्या, एकीशेजारी एक. महाराज प्रत्येक दगडाला हात लावत पुढे गेले. शेवटची समाधी संपली, आणि आवाज थांबला.

महाराज उभे राहिले. पायाने चाचपलं.

“इथं माती लागतेय.”

केवलगिरी खाली पाहू लागला.

“खडी कमी पडली?”

“नाही, महाराज.”

“मग?”

“ही जागा... मी वजा केली.”

“इथं ना विहीर, ना ओटा. काय वजा केलंस?”

केवलगिरीच्या कपाळावर घाम आला. गोसाव्यांना जाळत नाहीत, बसवून मातीआड करतात. आणि समाध्यांच्या ओळीतली पुढची जागा कोणाची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“पुढंमागं खणावं लागलं, तर पसरलेली खडी उपसावी लागेल, मातीत मिसळून वाया जाईल... म्हणून.”



“अरे, महाराज चालतेबोलते असताना?” बारकू पाटील ओरडले. “लाज नाही वाटली तुला? माप घेऊन ठेवलंस होय रे!”

दोघंतिघं तावातावाने पुढे आले. केवलगिरीचा चेहरा उतरला. गादी गेली, हे त्याला तिथंच कळून चुकलं.

महाराजांनी नुसता हात वर केला. माणसं जागच्या जागी थांबली.

“ओरडता कशाला, पाटील? बरोबर केलंय त्यानं. मला जायचंच आहे. आणि माझ्यापायी खडी कशाला वाया घालवायची?”

केवलगिरीने सुस्कारा सोडला. त्याची मान पुन्हा थोडी वर आली.

“केवलगिरी.”

“जी, महाराज.”

“गादी हवी ना तुला?”

सगळ्यांदेखत असं विचारतील, असं त्याला वाटलं नव्हतं. तो पुटपुटला, “आपली आज्ञा होईल तर...”

“हवी का?”

“...हवी.”

“मग बस.”

“कुठं?”

महाराजांनी पायाखालच्या मातीकडे बोट केलं आणि स्वतः बाजूला झाले.

केवलगिरी हलला नाही. बेलाचं एक पान सुटून मातीवर पडलं.

“महाराज, ही जागा तर आपली...”

“गादीही माझीच आहे. बस. मांडी घालून बस, गादीवर बसतात तसा.”

तो बसला. माती गार होती, आणि तो गारवा सरळ अंगात चढला. आजवर शेकडो जागा त्याने मोजल्या होत्या, पण एकाही जागेची अशी धास्ती घेतली नव्हती. महाराज चणीने लहान, हा चांगला आडमाप. मांडी घालताना त्याचे दोन्ही गुडघे बाहेर सरकले.

करकर...

महाराजांनी कान दिला.

“काय वाजलं रे?”

केवलगिरीने गुडघ्यांकडे पाहिलं.

“खडी, महाराज. माझे गुडघे... जागेत मावले नाहीत.”

महाराज अनवाणीच आरतीला निघाले. जाता जाता म्हणाले,

“म्हणजे खडी जास्तच झाली की, केवलगिरी. मला वजा केलंस, स्वतःला वजा करायचं राहिलं.”