सुकलेल्यांचा मुलूख

त्या भूमिगत राज्यातली निम्म्याहून अधिक माती मेली होती. वरच्या जगातून उग्र वासाचं रंगीत पाणी वर्षानुवर्षं झिरपत होतं, आणि ते जिथे पोचलं तिथे काळा, चिकट थर साचला होता. उरलेले रहिवासी पूर्वेच्या उंचवट्यावर दाटीवाटीने राहत. काळी कड रोज थोडी पुढे सरके. मातोबा नावाच्या गांडुळाचा भाऊ तिला नुसता शिवला आणि जागीच गळून पडला.

भाऊ गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मातोबा सभेत उभा राहिला. "हे विष पचवणारे एकच आहेत," तो म्हणाला. "जिवाणू."

घाण खातात म्हणून जिवाणूंना पूर्वजांनी पश्चिमेच्या खडकात हाकललं होतं. तिथे पाणी नव्हतं. ते सुकत गेले, सुकून त्यांची भुकटी झाली. पण ते मेले नव्हते.

"त्यांना उठवायला पाणी लागेल," प्रधान असलेली गोम म्हणाली. "पाणी फक्त आपल्या हौदात आहे. त्याला त्यांचा स्पर्श होऊ द्यायचा?"

"हौद राहील, प्रधानबाई. प्यायला कोण राहील?"

अखेर ठरलं, की पाणी पाटाने दुरूनच सोडायचं. मातोबा निघून गेल्यावर सभेने आणखी एक गोष्ट ठरवली: काम झालं की पाट बंद.

काळ्या थराच्या कडेकडेने अंग चोरत मातोबा खडकापर्यंत पोचला. भुकटी त्याच्या ओल्या कातडीला चिकटली आणि त्या ओलीने एक जण जागी झाली. ती जिवाणूंची म्होरकी, रेणू.

"किती वर्षं झाली?" तिने विचारलं.

"कुणी मोजली नाहीत."

"मग आज कशाला उठवलंस?"

"माती मरतेय."

रेणू काळ्या थराकडे वळली. मग म्हणाली, "जी माती आम्ही साफ करू, तिथेच आम्ही राहू. पुन्हा खडकात जाणार नाही."

"शब्द देतो."

"सभेचा?"

मातोबा अडखळला. "माझा."

मातोबाने अंगाला चिकटलेली भुकटी खेपेखेपेने आणून काळ्या थरावर झटकली, पाट सुटला. निम्मे जिवाणू उठलेच नाहीत. उठले ते उपाशी होते. ते विषावर तुटून पडले. तरी पहिल्या दिवशी कड पुढेच आली आणि गोगलगायीचं घर गिळून गेली. दुसऱ्या दिवशीही आली. उंचवट्यावर कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी ती थांबली. मग काळ्याचं हळूहळू तपकिरी होऊ लागलं.

थर संपत आला त्या सकाळी पाट कोरडा पडला.

मातोबा पोचला तेव्हा जिवाणू आक्रसू लागले होते. रेणूचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "शब्द तुझाच होता ना?"

तो वळला आणि सरळ हौदाच्या बांधाला भिडला. तोंडाने माती उकरत तो आत घुसू लागला.

"मातोबा, मागे फिर!" गोम ओरडली. "हौद बाटेल! सगळ्यांचा बाटेल!"

तो थांबला नाही. बांध आतून पोकळ होत गेला, एकदा थरथरला आणि फुटला. मातोबाला घेऊनच पाणी उताराने धावलं. ते साऱ्या मातीत मुरलं, आणि त्यातलं कुठलं कुणाचं हे पुन्हा कुणाला वेगळं करता आलं नाही. मातोबा अर्धा तुटून चिखलात पडला होता. रेणूच्या लोकांनी त्याच्याभोवती ओल धरून ठेवली.

काही दिवसांनी वरून केसाएवढं पांढरं मूळ खाली उतरलं. तिथल्या कुणीच आयुष्यात मूळ पाहिलं नव्हतं, पूर्वजांच्या गोष्टींतून फक्त ऐकलं होतं. सभा उंचवट्यावर स्वागताला रांगेने उभी राहिली; गोमेने आपले सगळे पाय जुळवले. मूळ त्यांच्यापाशी आलं, क्षणभर थबकलं, वळलं, आणि खालच्या तपकिरी मातीत शिरून त्याने आपली सगळी कोवळी टोकं जिवाणूंच्या वस्तीत पसरली.